मरियमबीचं दार

शुक्रवारी जेवायला या, असा निरोप शहरबानूनंच सगळ्यांना धाडला होता, पण जेवण हे नुसतं निमित्त आहे हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या हव्वाबीला. लेक येणार, जावई येणार, नात येणार म्हणून ती मागच्या खोलीत खाटेवर बसून वेणी घालून घेत होती आणि वेणी घालणाऱ्या सुनेला बजावत होती, "सुरमईचं कालवण जरा जास्त कर. वली दोन माणसांचं जेवतो. आणि आमसुलं घाल चांगली चार."

"घातलीत, अम्मा."

"चार घातलीस की तीन?"

"पाच."

"मग आंबटढोण झालं असेल," हव्वाबी म्हणाली आणि स्वतःच हसली. हसताना तिचा डावा हात आपोआप छातीशी गेला. शहरबानूनं ते पाहिलं आणि वेणीचा पेड उगाच घट्ट ओढला.

दीड वर्षापूर्वी छातीत पहिल्यांदा गाठ लागली तेव्हा हव्वाबीनं ती कुणाला दाखवली नाही. मुलांना कशी दाखवणार, आणि सुनेला का दाखवायची? पदर दोनदा ओढून घ्यायचा, उजव्या कुशीवर निजायचं, तेलात हळद कालवून चोळायची, झालं. गाठ फुटली आणि चोळीला डाग पडायला लागले तेव्हा धुण्यात ती चोळी शहरबानूच्या हाती आली. अशी ही आपल्या बायकांची लाज! या लाजेनं जेवढ्या बायका नेल्या तेवढ्या पटकीनंही नेल्या नसतील, पण हे बोलायचं कुणापाशी?

मग दुबईत, घराजवळच्या देरातल्याच एका इस्पितळात नेलं. डॉक्टर गोरा, पोरगेलासा, घामानं भिजलेला. तपासून, फोटो काढून, आठ दिवसांनी त्यानं बोलावलं आणि युसुफशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलला. युसुफ एका इराणी व्यापाऱ्याच्या ऑफिसात पत्रं लिहायचा, त्याचं इंग्रजी पक्कं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घसा साफ केला आणि आईला म्हणाला, "अम्मा, गाठ पिकली होती. मलम लावलं की सुकेल."

"एवढा वेळ बोलला आणि एवढंच?"

"इंग्रजी लांबलचक असते, अम्मा."

हव्वाबी हसली, डॉक्टरकडे पाहून तिनं कपाळाला हात लावून सलाम केला. डॉक्टर एकदा युसुफकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मराठी त्याला कुठून कळणार, पण इतकी वाईट बातमी ऐकून हसणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. दाराशी उभ्या शहरबानूला इंग्रजी येत नव्हतं. पण 'कॅन्सर' हा एक शब्द कळायला इंग्रजी लागत नाही. तो लिव्हरपर्यंत गेलाय, कापण्यात अर्थ नाही, चार महिने, फार तर सहा, आणि हे तिला सांगा, तिचा जीव आहे, असं डॉक्टर म्हणाला होता हे तिला नंतर वलीकडून कळलं. वली म्हणजे नणंद शहनाझचा नवरा. शारजात कंपाउंडर होता. त्यानं ते कागद वाचले आणि चष्मा काढून पुसत बसला.

त्या दिवशीच संध्याकाळी, जखम पुसून घेताना, हव्वाबी सुनेला म्हणाली होती, "हे बघ शहरबानू, माझी पोरं मला लहान मूल समजतात. तू तसं करू नको. माझं काही बरंवाईट व्हायचं असलं तर मला आधी सांग. माझं एक दार राहिलंय."

ते दार कुठलं हे शहरबानूला विचारावं लागलं नाही. बाणकोटच्या त्यांच्या मोहल्ल्यात रिवाज असा, की कुणी बोटीनं परमुलखात निघालं की निघण्याआधी दारोदार जायचं. उंबऱ्यात उभं राहायचं आणि म्हणायचं, बोललं-चाललं माफ करा. कारण अल्लाचं काही चुकलं तर अल्ला माफ करील, त्याची रहमत मोठी, पण माणसाचं चुकलं तर ते त्या माणसानंच माफ करायला हवं, तिथे अल्लासुद्धा मध्ये पडत नाही. नवरा गेल्यावर मुलं तिला दुबईला घेऊन आली त्याला तीन वर्षं झाली. निघताना हव्वाबीनं दोन दिवसांत बेचाळीस घरं केली. त्रेचाळिसावं घर तिच्या सख्ख्या बहिणीचं, मरियमबीचं. त्या दारावरून ती मान खाली घालून तशीच पुढे गेली.

मरियमबीची लेक कुलसुम. तिच्याशी युसुफचं ठरलेलं होतं, अंगठी गेली होती, मोहल्ल्यात गूळ-खोबरं वाटून झालं होतं. मग शहरबानूच्या बापानं, तो बोटीवर सारंग, खलाशांचा मुकादम होता, माझी मुलगी करून घ्या, दुबईत युसुफला नोकरी लावून देतो, असा शब्द टाकला, आणि हव्वाबीनं अंगठी परत मागवली. परत मागवली तीही माणसाकरवी. बारा वर्षं झाली याला. कुलसुमनं पुढे कुठल्याच मुलाला होकार दिला नाही. आईजवळ राहते, मुलींना कुराण शिकवते.

आता कळलं? हव्वाबीचं ते दार आणि शहरबानूचा संसार, दोन्ही एकाच पायावर उभी होती. "सांगेन, अम्मा," असं तेव्हा तिनं म्हटलं होतं खरं.

जेवणं झाली. शहनाझ शारजाहून, रोल्ला म्हणतात त्या जुन्या वडाजवळच्या घरातून, वाळूतून लँडरोव्हरनं धक्के खात आली होती, त्यामुळे आल्यापासून कुरकुरत होती. तिची सहा वर्षांची मुलगी आजीच्या खाटेवर चढली, आजीनं अर्धा पिऊन ठेवलेला सरबताचा पेला तिनं उचलला, तोच शहनाझ झेपावली आणि पेला हिसकावून घेतला.

हव्वाबीनं लेकीकडे पाहिलं. "काय गं, माझं उष्टं चालत नाही का आता?"

"तसं नाही अम्मा, तिला खोकला आहे. तुला लागायचा."

"खोकला? आल्यापासून एकदाही खोकली नाही ती."

पोरगी बिचारी आईकडे बघून खोटं खोटं खोकली. हव्वाबी तोंड वळवून निजली.

पुढल्या खोलीत आल्या आल्या वली बायकोवर उखडला. "शंभरदा सांगितलं तुला, हा रोग उष्ट्यानं लागत नाही!"

"तुम्हाला काय जातंय सांगायला? पोर माझी आहे."

"आई पण तुझीच आहे," बदरुद्दीन म्हणाला. हा हव्वाबीचा धाकटा मुलगा, तोंडानं फटकळ. बोटीच्या एजंटाकडे तिकिटांच्या काउंटरवर बसायचा. "हळू बोला जरा. पंखा आहे म्हणून ऐकू जात नाही असं समजू नका. आता माझं ऐका. गुरुवारची बोट आहे. अम्मा आणि सोबतीला एक, अशा दोन जागा मी धरून ठेवल्यात. मंगळवारी मुंबई. तिथनं कोकणच्या बोटी मेच्या पंचवीस तारखेपर्यंत चालू, मग बंद, थेट नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. ही बोट चुकली तर खलास. म्हणून म्हणतो, आज अम्माला सगळं सांगायचं आणि गुरुवारी घरी न्यायचं."

"सांगायचं नाही," युसुफ म्हणाला.

"भाई, डॉक्टरनं स्वतः सांगितलंय."

"डॉक्टर त्यांच्याकडचा आहे. त्यांच्यात आईला चिठ्ठी देऊन कळवत असतील, तुला इतके दिवस आहेत म्हणून. आपल्यात नाही. आपल्या मोहल्ल्यातले कासमचाचा आठवतात? मुंबईला नेलं, तिथे कुणीतरी त्यांच्या तोंडावर त्या रोगाचं नाव घेतलं. गावी आले, भिंतीकडे तोंड करून निजले, आठव्या दिवशी गेले. रोगानं नाही गेले. नावानं गेले."

"रोगानंच गेले," वली हळूच म्हणाला, पण मोठ्या मेव्हण्यापुढे त्याचा आवाज चढत नसे.

"भाईचं बरोबर आहे," शहनाझ म्हणाली. "अम्माला सांगायचं नाही. आणि पाठवायचंही नाही. बाणकोटात कोण बघणार तिला? धड डॉक्टर आहे का?"

"इथला डॉक्टर तरी काय करणार आहे?"

"निदान सुई तरी देईल! तुला काय रे बदरू, तू तिकीट फाडून मोकळा."

"मी मोकळा? दर शुक्रवारी ती मला विचारते, मरियमचं काही पत्र आलं का. तुला विचारते? तू महिन्यातून एकदा येतेस आणि पेले हिसकावतेस!"

शहनाझ रडायला लागली. मग वलीला बायकोची बाजू घेणं भाग पडलं. मग युसुफ बदरुद्दीनवर ओरडला, मग बदरुद्दीन म्हणाला की ठीक आहे, मला काय, माझी कुठे आई आहे. असं अर्धा तास चाललं. सगळ्यांचंच तिच्यावर प्रेम होतं आणि सगळे एकमेकांना बोचकारत होते.

शेवटी बदरुद्दीन वळला. "भाभी, तुम्ही बोला. रोज तिची जखम तुम्ही धुता. तुम्हाला काय वाटतं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अम्मानं मला विचारलंय, मी तिला शब्द दिलाय. एवढं एक वाक्य बोलली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण बारा वर्षांत या घरात तिला असं काही कुणी विचारलंच नव्हतं, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडून सवयीचंच निघालं.

"तुम्ही सगळे ठरवाल ते," ती म्हणाली आणि पानाचं तबक उचलून आत गेली.

ती आत असतानाच तोड निघाली, वलीनं काढली. सांगायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. जखम सुकतेय, आता हवापालटाला गावी जा, असं म्हणायचं. दुखणं थांबवायची औषधं वली देईल. सोबतीला युसुफ जाईल.

युसुफ जाईल! चुलीपाशी उभ्या शहरबानूनं ते ऐकलं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला सासूची आठवण झाली नाही. तिला मरियमबीचा उंबरा दिसला, त्यात उभा युसुफ दिसला, आणि आत दाराआड कुलसुम.

हव्वाबीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की शहनाझ बाहेर निघून गेली. "म्हणजे सुकतंय म्हणा ना!" हव्वाबी म्हणाली. "तरीच दुखत नाही चार दिवस. बदरू, जागा खिडकीची नको, मला वारा सोसत नाही."

"अम्मा, डेकवर कसली खिडकी?"

"मग बरंच की."

मंगळवारपर्यंत तिनं ट्रंक दोनदा भरली, दोनदा उपसली. जखम पुसून घेताना सारखी बोलत होती. "खरं सांगू का तुला, बरं झालं मी बरी झाले ते. मरताना माफी मागणारीला कुणीही माफ करतं, लोकलाजेस्तव करतं. मरियमला तसं फसवायचं नाही मला. दोन पायांवर तिच्या दारात उभी राहीन. तिला शिव्या द्यायच्या तर देऊ दे, दार लावायचं तर लावू दे. दुसऱ्या दिवशी परत जाईन." मग म्हणाली, "तुला वाईट वाटतं का गं? तुझा काही दोष नाही त्यात. तू तेव्हा सोळा वर्षांची पोर. दोष माझा."

"नाही, अम्मा," शहरबानू म्हणाली. सासूनं आपण होऊन असं बोलावं आणि आपल्या मनात काय चाललंय, या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली. पण आली म्हणून काही ते मनातलं गेलं नाही.

बुधवारी सकाळी शेजारची हाफिजा आली. तीही त्यांच्याच बाजूची, वेसवीची, खाडीच्या काठावरची. आठवा महिना लागलेला. मागच्या उन्हाळ्यात तिचं पहिलं बाळ इथेच, या उकाड्यात, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं होतं. आता आईकडे जायचं म्हणत होती आणि बोट भरली होती. येऊन हव्वाबीच्या खाटेच्या पायथ्याशी बसली आणि हुंदके द्यायला लागली. "बदरूभाईंना सांगा ना काहीतरी, चाचीअम्मा. नवऱ्यानं तीन खेपा घातल्या. म्हणतात जागाच नाही. पुनवेनंतर जाऊन काय करू? तोवर मूल महिन्याचं असायचं... असलं तर."

"गप. असं अभद्र बोलू नये," हव्वाबी म्हणाली. तिनं हाफिजाचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, "माझी जागा घे."

शहरबानू पाणी भरत होती. गाढववाला नुकताच गोड्या पाण्याचे डबे रिकामे करून गेला होता. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नको नको, चाचीअम्मा! तुम्ही आजारी..."

"कोण आजारी? सुकतेय माझी गाठ. मला काय घाई आहे? पुनव झाली, दर्या मोकळा झाला की आरामात जाईन. तू माझ्या जागेवर जा, युसुफच्या जागेवर तुझा नवरा जाईल." एवढं बोलून तिनं मान वळवली. "शहरबानू, इकडे ये. तू रोज बघतेस. तू सांग हिला. मी बरी होतेय ना?"

आता बघा, खोलीत फक्त तिघी. युसुफ ऑफिसात, बदरुद्दीन काउंटरवर. आवाज चढवणारं कुणी नाही, रडणारं कुणी नाही. सासू सरळ डोळ्यांत बघून विचारतेय. शहरबानूला नुसतं गप्प राहता आलं असतं. हव्वाबी काही भोळी नव्हती, गप्प राहण्याचा अर्थ तिला कळला असता. नाहीतर म्हणता आलं असतं, अम्मा, तुम्ही गुरुवारी जाच. तेवढ्यानं भागलं असतं.

समोर पोटुशी बाई रडतेय, तिला नाही कसं म्हणायचं, असं शहरबानूनं मनाशी म्हटलं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण हाफिजाची दया तिला आली ती नंतर. आधी एकच गोष्ट मनात आली होती, की मग युसुफ जाणार नाही.

"हो, अम्मा," ती म्हणाली. "चांगला उतार आहे."

"ऐकलंस?" हव्वाबी हाफिजाला म्हणाली. "आता रड बघू!"

दुपारी बदरुद्दीन ताडताड आला. हव्वाबीनं शेजारच्या माणसाकरवी त्याला निरोप धाडला होता, आणि निरोप कसला, हुकूमच. आईपाशी तो पाच मिनिटं बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन्ही तिकिटं होती.

"भाभी, तुम्ही होतात ना तिथे?"

"होते."

"काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार होते? तुम्हीच सगळ्यांनी ठरवलंत ना, सांगायचं नाही म्हणून."

खरंच तर होतं ते. "भाईला येऊ दे घरी," तो म्हणाला. "त्यानं एक शब्द टाकला तर मी हाफिजाला दुसरी जागा कशीही करून देतो. कप्तानाच्या पाया पडतो. पण भाईनं सांगायला हवं, माझं अम्मा ऐकायची नाही."

युसुफ संध्याकाळी आला. शहरबानूनं त्याला दारातच सांगितलं. बूट काढता काढता तो थांबला. एक बूट हातात तसाच. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला जे दिसलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. काळजी होती, दुःखही होतं, नव्हतं असं नाही. पण त्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, त्याचे खांदे सैल झाले होते. त्यालाही जायचं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी आईनं अंगठी परत मागवली तेव्हा तो चकार शब्द बोलला नव्हता, आणि त्या उंबऱ्यात उभं राहायची त्याला शहरबानूपेक्षाही जास्त भीती होती.

"अम्मानं ठरवलंय म्हणतेस?"

"हो."

"मग... पुनवेनंतर बघू. इन्शाल्ला." आणि त्यानं दुसरा बूट काढला.

गुरुवारी हाफिजा गेली. निघण्याआधी ती निरोप घ्यायला आली, तिच्याही तोंडी तेच, बोललं-चाललं माफ करा. हव्वाबीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "खाडी ओलांडून बाणकोटात जा. मरियमला भेट. तिला एवढंच सांग, पुनवेनंतर हव्वा येतेय."

"आणखी काही सांगू?"

"आणखी काही नको. बाकीचं माझं मी बोलेन."

जूनच्या अखेरीस हव्वाबीचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. पेजेचे दोन घोटही ठरेनात. वली एक दिवसाआड शारजाहून यायचा, सुई देऊन मान खाली घालून जायचा. मलम, हवापालट, उतार, हे शब्द घरात कुणी उच्चारेनासं झालं. हव्वाबीही काही विचारेना. नुसती बघायची. शहनाझ आता रोज यायची, पोरीला आपणच आजीच्या खाटेवर बसवायची, आजीच्या पेल्यातलं उष्टं पाणी तिच्यादेखत स्वतः प्यायची. पण आता हव्वाबीचं लक्ष नसायचं.

एका सकाळी जखम पुसत असताना हव्वाबी म्हणाली, "बदरूला विचार, मुंबईची बोट कधी आहे."

"मुंबईची आहे हो अम्मा. पण पुढे..."

"पुढे दर्या बंद." ती स्वतःच म्हणाली. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता, तो बंद होईस्तोवर ती थांबली. "तुला ठाऊक होतं?"

शहरबानूचा हात जखमेवरच होता. "हो, अम्मा."

"हाफिजा आली तेव्हाही?"

"तेव्हाही."

हव्वाबीनं डोळे मिटले. ओरडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तसं काही तिनं केलं नाही. त्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना बोलावून घेतलं. एकेकाला जवळ बसवलं, एकेकाचा हात धरला आणि म्हणाली, बोललं-चाललं माफ कर बाबा, माझ्याकडून तुला माफ आहे. बदरुद्दीन लहान मुलासारखा हुंदके देत होता. युसुफ उशाशी बसून "अम्मा, मी तुला खोटं सांगितलं, मी तुला खोटं सांगितलं" असं म्हणत राहिला आणि ती त्याला थोपटत राहिली. "तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून नाही, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगितलंस. मला ठाऊक आहे ते. माफ आहे."

सगळ्यांच्या शेवटी शहरबानू. तिनं बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मग जमिनीवर बसून, खाटेच्या काठावर कपाळ टेकून तिनं सगळं सांगितलं. कुलसुमची भीती, मरियमबीचा उंबरा, युसुफच्या नावाचं तिकीट, काही लपवलं नाही. "मला माफ करा, अम्मा. मी तुमचं दार बंद केलं."

हव्वाबीचा हात तिच्या केसांवर आला. हलका, नुसतीच हाडं.

"माझं जे काही आहे ते तुला माफ," ती म्हणाली. एकेक शब्द थांबून थांबून येत होता. "तू माझं सगळं केलंस. पोटच्या पोरीनं केलं नसतं. माझ्याकडून तुला काही बाकी नाही." मग म्हणाली, "पण मरियम तिथे वाट बघतेय. हाफिजानं तिला सांगितलं असेल. पुनव होईल, बोटी सुरू होतील, ती रोज धक्क्यावरच्या माणसांना विचारील. तिचं जे आहे, ते मी कसं माफ करू, बाळ? ते माझं नाही. ते तुला तिच्याकडेच मागावं लागेल."

शहरबानूनं मान वर केली नाही. हात तिच्या केसांवर होता तोवर ती तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी, जुलैच्या मध्यावर, हव्वाबी गेली. तिला देराच्या कबरस्तानात पुरलं, जिथे तिच्या गावचं कुणीच नव्हतं. चाळिसाव्या दिवशीचं नियाजचं जेवण झालं, भांडी परत केली, पाहुणे गेले. शहनाझ शारजाला गेली. घरात दोघंच उरली. युसुफ उगाच जुनी वर्तमानपत्रं चाळत बसला होता.

"पुनव परवाच झाली," शहरबानू म्हणाली. "बदरूभाईंना सांगा, पहिल्या बोटीची दोन तिकिटं काढायला."

युसुफनं वर पाहिलं. "कुठली?"

"बाणकोटची."

"एक तुझं. अम्मानं तुला काय सांगितलं ते तू बदरूपाशी बोललीस, त्याच्याकडून कळलं मला." त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं. "दुसरं कुणाचं?"

शहरबानूनं त्याच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, घडी घातली, बाजूला ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"तुमचं," ती म्हणाली.